‘कांहीं नाहीं’चें इंग्रजी

परभाषा शिकतांना मनुष्य कठीण शब्दांना भितो आणि सोप्या शब्दांकडून फसतो. मोठमोठे शब्द कोशांत सांपडतात. त्यांचा अर्थ पाहिला, दोनचार वेळां घोकला, कीं ते आपले होतात. परंतु ‘कोणी’, ‘कांहीं’, ‘असणें’, ‘करणें’, ‘म्हणणें’ यांसारखे घरगुती शब्द कोशांत पाहण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. ते आपणांस येतातच, अशी प्रत्येकाची समजूत असते. ही समजूत किती महाग पडूं शकते याचा एक प्रसंग आमच्या नात्यांतच घडला. तो प्रथम सांगून मग आम्ही मुख्य विषयाकडे वळूं.

आमची एक मावसबहीण आहे. वयानें साठी ओलांडलेली, मराठी वाचनाचा दांडगा व्यासंग असलेली, आणि शाळेंत असतांना भाषांतराच्या पद्धतीनें चार वर्षें इंग्रजी शिकलेली. तिची मुलगी व जावई नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतात. गेल्या वर्षीं ती मुलीच्या घरीं गेली असतां एकाएकीं पोटांत कळा येऊं लागल्या. पित्ताशयांत खडे झाले आहेत असें निदान होऊन शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें. शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं तास पोटांत अन्न जातां कामा नये, हा नियम सर्वश्रुत आहे. भूल दिलेल्या स्थितींत पोटांतील अन्न उलटून श्वासनलिकेंत गेलें, तर जिवावर बेततें. तिकडील रुग्णालयांत अशा रोग्याच्या खाटेपाशीं ‘निल बाय माउथ’, म्हणजे तोंडावाटे कांहीं द्यावयाचें नाहीं, अशी पाटी लावण्याची रीत आहे. आमच्या बहिणीनें आदल्या रात्रीपासून अन्नाचा कण घेतला नव्हता. जन्मभर एकादश्या केल्यामुळें तिला त्याचें कांहीं विशेष वाटलेंही नव्हतें.

सकाळीं मुलगी मोटार उभी करून येण्यासाठीं खालीं गेली, तेवढ्यांत परिचारिका आली आणि तिनें मोठ्या आर्जवानें विचारलें, ‘यू हॅवन्ट हॅड एनीथिंग टु ईट, हॅव यू?’ बहिणीनें मनांतल्या मनांत भाषांतर केलें, ‘तुम्ही कांहीं खाल्लेलें नाहीं ना?’ आणि शुद्ध मराठी रीतीनें उत्तर जुळविलें, ‘होय, मी कांहीं खाल्लें नाहीं.’ इंग्रजींत तें असें उमटलें: ‘यस. आय डिड नॉट ईट नथिंग.’ परिचारिकेची मुद्रा पालटली. तिनें विचारलें, ‘सो यू डिड हॅव समथिंग?’ ‘समथिंग’ म्हणजे ‘कांहीं’ एवढेंच बहिणीच्या ध्यानांत आलें. पूर्वींचाच प्रश्न पुन्हां विचारीत आहेत असें समजून ती मान डोलावून म्हणाली, ‘यस, यस, नथिंग.’ परिचारिकेनें आपल्या कर्तव्यास अनुसरून डॉक्टरांना कळविलें. मुलगी वर येऊन सर्व उलगडा होईपर्यंत दुसऱ्या रोग्यास आंत नेण्यांत आलें होतें. आमच्या बहिणीची पाळी दिवस कलल्यावर आली, आणि तोंवर तिला कळा सोशीत उपाशी पडून राहावें लागलें.

यांत परिचारिकेकडे दोष मुळींच नाहीं. संशय असतां थांबणें हेंच तिचें काम. शिवाय हानि झाली ती अर्ध्या दिवसाची. पण वाचकांनीं याच्या उलट प्रकार कल्पून पाहावा: एखाद्या रोग्यानें खरोखरच कांहीं खाल्लें आहे, आणि ‘खाल्लें नाहीं’ असा त्याच्या बोलण्याचा अर्थ घेतला गेला आहे! या विचारानें आमच्या अंगावर कांटा उभा राहिला.

बहीण परत आल्यावर आमच्याकडे आली, आणि चहाचा पेला खालीं ठेवून तिनें आम्हांस सरळ प्रश्न केला, ‘दादा, ‘नथिंग’ म्हणजे ‘कांहीं नाहीं’ असें आम्हांला शाळेंत शिकविलें. मी बोललें तें मराठींत तर बरोबर होतें. मग इंग्रजींत मी चुकलें कोठें?’ प्रश्न लहान, पण उत्तर त्या मानानें लांब आहे. तेंच आम्ही येथें मांडीत आहों. कारण ज्या घरांतील मुलें-मुली परदेशीं आहेत अशा प्रत्येक घरास तें उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.

या शब्दांचें कुटुंब मोठें आटोपशीर आहे. ‘सम’, ‘एनी’, ‘नो’ आणि ‘एव्हरी’ हीं चार पूर्वपदें; ‘बडी’, ‘वन’ आणि ‘थिंग’ हीं तीन उत्तरपदें. त्यांच्या जुळणीनें ‘समबडी’, ‘एनीवन’, ‘नथिंग’, ‘एव्हरीथिंग’ असे बारा शब्द होतात. इंग्रजी व्याकरणकार यांस अनिश्चित सर्वनामें म्हणतात. यांतील ‘बडी’ म्हणजे देह. पूर्वीं इंग्रजींत हा शब्द ‘मनुष्य’ या अर्थानें चाले, त्याचा अवशेष येथें राहिला आहे. ‘बडी’ आणि ‘वन’ यांत अर्थाचा भेद जवळजवळ नाहीं. बोलतांना ‘बडी’, लिहितांना ‘वन’ थोडें अधिक आढळतें, एवढेंच.

आपल्या भाषेची घडण याहून वेगळी आहे. आपण अनिश्चित सर्वनामें प्रश्नार्थक सर्वनामांपासून बनवितों. ‘कोण’ पासून ‘कोणी’, ‘काय’ याच्या जोडीस ‘कांहीं’. संस्कृतांतही हीच रीत आहे: ‘कः’ पासून ‘कश्चित्’ आणि ‘कोऽपि’, ‘किम्’ पासून ‘किंचित्’ आणि ‘किमपि’. मग त्यांस शेपट्या लावून आपण अर्थाच्या छटा दाखवितों: कोणीतरी, कोणीही, कोणीएक, कोणी ना कोणी, कांहींतरी, कांहींही, कांहींच, कांहींबाहीं. छटांच्या बाबतींत मराठी इंग्रजीपेक्षां रतिभरही दरिद्री नाहीं. मात्र एक शब्द आपल्यापाशीं नाहीं. ‘नोबडी’ आणि ‘नथिंग’ यांस मराठींत एकशब्दी सर्वनाम नाहीं. ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं तो ‘अकिंचन’, असा सुंदर शब्द आहे. पण तें विशेषण झालें. ‘कांहीं नाहीं’ असें आपण म्हणतों तेव्हां त्यांतील ‘कांहीं’ हें सर्वनाम असतें आणि ‘नाहीं’ हें क्रियापदाच्या घरचें असतें.

बहिणीच्या चुकीचें मूळ येथें सांपडतें. ‘नथिंग म्हणजे कांहीं नाहीं’ हें शाळेंतील समीकरण अर्धेंच खरें आहे. इंग्रजानें क्रियापदाच्या कमरेचा नकार काढून तो सर्वनामाच्या कमरेला खोंवला आहे. एकदां तो तेथें गेला, कीं क्रियापद मोकळें राहिलें पाहिजे. म्हणून ‘आय एट नथिंग’ म्हणावें, किंवा नकार क्रियापदाशीं ठेवून सर्वनाम साधें घ्यावें, ‘आय डिडन्ट ईट एनीथिंग.’ दोन्ही वाक्यें शुद्ध, दोहोंचा अर्थ एकच. चूक होते ती दोन्ही ठिकाणीं नकार घातल्यानें. तिजोरीची किल्ली एकच आहे. ती सासूच्या कमरेला असेल किंवा सुनेच्या, पण एकाच वेळीं दोघींच्या कमरेला असणार नाहीं.

हा नियम सनातन आहे असें मात्र कोणी समजूं नये. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीनें आपल्या सरदाराचें वर्णन करतांना एकाच वाक्यांत नकारावर नकार रचले आहेत, आणि त्यायोगें अर्थ बळकटच झाला आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतही असे दुहेरी नकार आढळतात. ‘दोन नकार एकमेकांस मारतात’ हा दंडक अठराव्या शतकांतील व्याकरणकारांनीं पक्का केला. बिशप रॉबर्ट लाउथ यांचें १७६२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेलें व्याकरण त्यांपैकीं विशेष गाजलें. आजही लंडनच्या साध्या वस्तींत किंवा अमेरिकेंतील पुष्कळ लोकांच्या घरगुती बोलींत दुहेरी नकार सर्रास ऐकूं येतो, आणि ऐकणाराची सहसा फसगत होत नाहीं. डेन्मार्कचे भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनीं १९१७ सालीं इंग्रजी व इतर भाषांतील नकारावर एक ग्रंथ लिहिला. नकाराचा शब्द बोलण्यांत झिजून दुबळा होतो, मग त्यास दुसऱ्या शब्दाचा आधार लागतो, आणि कालांतरानें तो आधारच नकार होऊन बसतो, असा क्रम त्यांनीं त्यांत दाखविला आहे. फ्रेंच भाषेंतील ‘पा’ हा नकाराचा शब्द मूळचा ‘पाऊल’ या अर्थाचा, हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय.

मग परिचारिकेचा गोंधळ कां व्हावा? कारण आमच्या बहिणीनें दोन नकारांच्या आधीं ‘यस’ म्हटलें होतें. ही दुसरी चूक पहिलीहून सूक्ष्म आहे. मराठी मनुष्य प्रश्नकर्त्याच्या म्हणण्यास होकार देतो. ‘तुम्ही खाल्लें नाहीं ना?’ ‘होय,’ म्हणजे तुमचें म्हणणें खरें आहे. इंग्रज मनुष्य प्रश्नाच्या रूपाकडे पाहतच नाहीं. तो आपल्या उत्तरांतील क्रियापदाकडे पाहतो. खाल्लें असेल तर ‘यस, आय हॅव,’ खाल्लें नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट.’ प्रश्न होकारार्थी विचारा अथवा नकारार्थी, उत्तर तेंच. म्हणून आमच्या सर्व वडीलधाऱ्या भगिनींस आमची विनंति आहे कीं, रुग्णालय, विमानतळ, कचेरी अशा ठिकाणीं नुसतें ‘यस’ किंवा नुसतें ‘नो’ कधींच म्हणूं नये. लहानसें कां होईना, पूर्ण वाक्य बोलावें: ‘आय हॅव ईटन नथिंग.’ अशा वाक्याचा अर्थ फिरविण्याचें सामर्थ्य कोणत्याही प्रश्नांत नाहीं.

आतां वाक्यांतील जागेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मराठी वाक्याचा स्वभाव असा, कीं नकार अगदीं शेवटीं येतो. ‘आज सकाळपासून आमच्याकडे भेटावयास म्हणून कोणीही...’ येथपर्यंत ऐकून मनुष्य आले कीं न आले हें ठाम सांगतां येत नाहीं. ‘आलें नाहीं’ हे शेवटले शब्द कानांवर पडतील तेव्हां खरें. इंग्रजीस हा धीर नाहीं. नकार असेल तर तो पहिल्या संधीस सांगून टाकावा, अशी तिची शिस्त आहे. म्हणून ‘कोणीही आलें नाहीं’ याचें शब्दशः भाषांतर ‘एनीबडी डिड नॉट कम’ असें करणें हें इंग्रज कानास सहन होत नाहीं. ‘नोबडी केम’ असेंच म्हणावें लागतें. ‘एनी’ घराण्यांतील शब्द नकाराच्या सावलींत वाढतात, आणि ती सावली वाक्यांत नकाराच्या पुढील बाजूस पडते, मागील बाजूस पडत नाहीं. ‘नोबडी सेड एनीथिंग’ हें वाक्य पाहा. आरंभीं ‘नोबडी’नें नकार सांगितला, त्याच्या सावलींत ‘एनीथिंग’ सुखानें बसलें. मराठींत आपण म्हणूं, ‘कोणीं कांहीं म्हटलें नाहीं.’ दोन अनिश्चित सर्वनामें आणि शेवटीं एक नकार. हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त नकाराची जागा बदलली आहे.

‘एव्हरीबडी’च्या बाबतींत सावधपणा अधिक पाहिजे. ‘एव्हरीबडी डिड नॉट कम’ म्हटलें तर कोणीच आलें नाहीं, कीं कांहीं आले व कांहीं राहिले, याचा बोध नीट होत नाहीं. कांहीं राहिले असें म्हणावयाचें असल्यास ‘नॉट एव्हरीबडी केम’, आणि कोणीच आलें नाहीं असें म्हणावयाचें असल्यास ‘नोबडी केम’. पानें किती मांडावयाचीं हें ज्या गृहिणीस ठरवावयाचें आहे, तिच्या दृष्टीनें हा भेद क्षुल्लक नाहीं!

पानांचा विषय निघाला, तेव्हां आतिथ्याकडे वळूं. ‘सम’ आणि ‘एनी’ यांचा भेद शाळेंत असा शिकवीत कीं, होकारार्थी वाक्यांत ‘सम’ आणि प्रश्नांत व नकारांत ‘एनी’. स्थूल मानानें तें ठीक आहे; पण माणसांत वावरतांना तेवढ्यानें भागत नाहीं. पाहुण्यास ‘डू यू वाँट एनीथिंग?’ असें विचारलें, तर तो केवळ चौकशीचा प्रश्न होतो. उत्तर होय कीं नाहीं याविषयीं विचारणारा उदासीन आहे, असा त्याचा ध्वनि निघूं शकतो. ‘वुड यू लाइक समथिंग टु ईट?’ यांत मात्र ‘आपण होयच म्हणावें’ ही अपेक्षा भरलेली असते. पहिलें म्हणजे आपलें ‘कांहीं हवें आहे का?’ आणि दुसरें म्हणजे ‘थोडें कांहीं तरी घ्याच ना!’ आमच्या बहिणीनें इंग्लंडांत असतांना शेजारच्या बाईस पहिल्या प्रकारें विचारलें, आणि ती ‘नो, थँक यू’ म्हणून निघून गेली. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला फारसें महत्त्व नसतें, तिकडे तें शेवटचें असतें. खोबऱ्याच्या वड्या तशाच ताटलींत राहिल्या, याचें बहिणीस अजून वाईट वाटतें.

याच भेदाचा उपयोग उलट दिशेनेंही होतो. दारावर थाप ऐकूं आली आणि कोणी आहे असें वाटत असेल, तर ‘इज समबडी देअर?’ कोणाची चाहूल नसतां नुसती खात्री करून घ्यावयाची असेल, तर ‘इज एनीबडी देअर?’ आणि ‘एनी’ हा शब्द नकार किंवा प्रश्न नसतां साध्या वाक्यांत आला, तर त्याचा अर्थ आपल्या ‘ही’ प्रत्ययासारखा होतो: ‘एनीबडी कॅन डू इट’, हें कोणीही करूं शकेल, ‘एनीथिंग विल डू’, कांहींही चालेल. मराठींतील ‘कोणीही’ हा एकच शब्द ‘कोणीही येईल’ आणि ‘कोणीही आलें नाहीं’ अशा दोन्ही ठिकाणीं चालतो. इंग्रजी ‘एनीबडी’ही तसाच दोन घरचा पाहुणा आहे. हें साम्य ध्यानांत ठेविलें, तर अर्धें काम सोपें होतें.

सर्वनामांची ओळख झाली; पण तीं एकटीं कांहीं करूं शकत नाहींत. त्यांस जोडीदार लागतात ते नेहमींच्या क्रियापदांचे. इंग्रज विद्वान सी. के. ऑग्डन यांनीं १९३० सालीं ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची एक लहान केलेली इंग्रजी जगापुढें मांडली. तिच्यांत शब्द सारे ८५०, आणि त्यांत क्रियापदें अवघीं १८: ‘बी’, ‘डू’, ‘हॅव’, ‘से’, ‘सी’, ‘सेंड’, ‘कम’, ‘गो’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’, ‘मेक’, ‘कीप’, ‘लेट’, ‘सीम’, आणि साहाय्यक म्हणून ‘मे’ व ‘विल’. विन्स्टन चर्चिल यांनीं १९४३ सालीं हार्वर्ड येथील भाषणांत या योजनेचा पुरस्कार केला होता. ती योजना सर्व जगाची भाषा झाली नाहीं. तथापि तिच्यांतील एक मर्म खरें आहे. रोजच्या इंग्रजीचा मोठा भाग अशा मूठभर क्रियापदांवर चालतो. त्यांच्या जोडीस जाणणें, हवें असणें व घडणें या अर्थांचीं आणखी तीन घेतलीं आणि वरील बारा सर्वनामें घेतलीं, कीं घर, दवाखाना व बाजार यांतील पुष्कळ व्यवहार उरकतो.

मात्र हीं जोडपीं एकदां जमलीं, कीं तीं स्वतःचा निराळा संसार थाटतात, आणि शब्दशः अर्थ घेणारास तेथें प्रवेश मिळत नाहीं. थोडे मासले देतों. ‘डू समथिंग अबाउट इट’ म्हणजे त्याचा कांहीं बंदोबस्त करा. ‘हॅव नथिंग टु डू विथ इट’ म्हणजे त्याच्याशीं कांहीं एक संबंध नसणें. येथें करण्याचा संबंध नाहीं. ‘कम टु नथिंग’ म्हणजे सर्व खटाटोप व्यर्थ जाणें. ‘मेक समथिंग ऑफ वनसेल्फ’ म्हणजे स्वतःच्या आयुष्याचें चीज करणें. पण ‘आय कॅन मेक नथिंग ऑफ इट’ म्हणजे मला यांतलें कांहीं उमजत नाहीं. आभार मानले असतां ‘थिंक नथिंग ऑफ इट’ असें उत्तर मिळालें, तर तो अपमान नव्हे. ‘त्यांत काय एवढें!’ असा तो विनय आहे. ‘नथिंग डूइंग’ म्हणजे ‘तें जमावयाचें नाहीं’ असा सडेतोड नकार. सर्वांत फसवी जोडी ‘नथिंग बट’ आणि ‘एनीथिंग बट’ यांची. ‘ही इज नथिंग बट अ फूल’ म्हणजे तो निव्वळ मूर्ख आहे, आणि ‘ही इज एनीथिंग बट अ फूल’ म्हणजे तो आणखी कांहींही असेल, मूर्ख मात्र खास नव्हे. जांवयाविषयीं पत्र लिहितांना ही अदलाबदल झाली, तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

व्याकरणाच्या दोन लहान गोष्टी सांगून हा भाग पुरा करूं. पहिली ही कीं, हीं सर्व सर्वनामें एकवचनी आहेत. ‘एव्हरीबडी’ म्हणजे सगळे, म्हणून ‘एव्हरीबडी आर’ असें आपल्या तोंडून निसटतें. परंतु ‘एव्हरीबडी इज’ हेंच शुद्ध. गंमत अशी कीं, पुढें सर्वनामाचा पुनरुच्चार करतांना तोच इंग्रज ‘देअर’ हें अनेकवचन घेतो, कारण पुरुष कीं स्त्री हें ठरत नाहीं. व्याकरणपंडितांनीं यावर पुष्कळ नाकें मुरडलीं. पण असा प्रयोग चौदाव्या शतकापासून चालत आला आहे, आणि आतां तो सभ्य लेखनांतही मान्य झाला आहे. आपल्या ‘आपला’ शब्दानें ही अडचण कधींच उत्पन्न होऊं दिली नाहीं. ‘प्रत्येकानें आपापली छत्री घेतली’ म्हटलें, कीं स्त्रीपुरुष सर्व त्यांत आले. दुसरी गोष्ट विशेषणाची. आपण ‘कांहीं गरम’ म्हणतों, इंग्रजही ‘समथिंग हॉट’ म्हणतो. विशेषण नामाच्या आधीं घालण्याची एरवींची त्याची संवय तो येथें मोडतो. ‘हॉट समथिंग’ म्हणूं नये. येथें मराठी कानावर विश्वास टाकण्यास हरकत नाहीं.

‘नोबडी’ या शब्दाचा खेळ फार पुरातन आहे. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यांत ओडिसियस एकाक्ष राक्षसाच्या गुहेंत अडकतो, तेव्हां आपलें नांव ‘कोणी नाहीं’ असें सांगतो. पुढें तो राक्षसाचा डोळा फोडतो. राक्षसाच्या आरोळ्या ऐकून त्याचे भाईबंद धांवत येतात आणि कोण मारीत आहे असें विचारतात. तो सांगतो तें त्यांस ‘मला कोणी मारीत नाहीं’ असें ऐकूं येतें, आणि ते परत जातात. लुइस कॅरोल यांच्या १८७१ सालच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकांत ॲलिस रस्त्यावर कोणी दिसत नाहीं असें सांगते, तेव्हां राजास तिच्या डोळ्यांचा हेवा वाटतो: इतक्या दूरवरून ‘कोणी नाहीं’ हा इसम हिला दिसतो तरी कसा! हे दोन्ही विनोद मराठींत उतरवितांना भाषांतरकाराची त्रेधा उडते, आणि त्याचें कारण वाचकांस आतां कळलेंच असेल. आपला नकार सर्वनामांत राहत नाहीं. म्हणून ‘कोणी नाहीं’ या नांवाचा मनुष्य आपल्या व्याकरणांत जन्मास येऊं शकत नाहीं.

राक्षसाची फजिती पाहून आपण हंसतों. परंतु मदतीची हांक मारावी आणि शब्दांच्या घोटाळ्यानें ती फुकट जावी, ही गोष्ट हंसण्याची नाहीं. शेवटीं एका गोष्टीकडे आम्ही वाचक-भगिनींचें लक्ष वेधितों. आपल्या घरांत ‘काय झालें?’ असें विचारलें असतां ‘कांहीं नाहीं’ हें उत्तर किती वेळां मिळतें! डोळे पुशीत असतांनाही तेंच, कपाळ दुखत असतांनाही तेंच. घरच्या माणसांस तें ऐकतांच कळतें कीं कांहीं तरी झालें आहे. मराठी ‘कांहीं नाहीं’ पुष्कळदां ‘पुष्कळ कांहीं’ असतें, आणि आपली माणसें तें चेहऱ्यावरून वाचतात. परक्या देशांतील डॉक्टर तसें वाचूं शकेलच असें नाहीं. तो ‘नथिंग’ ऐकेल, कागदावर ‘नथिंग’ लिहील, आणि पुढील खाटेकडे जाईल. आमच्या बहिणीनें मागाहून कबूल केलें कीं, पोटांत प्रथम कळ आली त्या दिवशीं मुलीनें विचारलें असतां तिनेंही ‘कांहीं नाहीं’च म्हटलें होतें.

ही आमची बहीण येत्या चैत्रांत पुन्हां मुलीकडे जावयाची आहे. सध्यां तिच्या घरीं दुपारीं शेजारच्या चारपांच बायका जमतात. कोणाचा मुलगा अमेरिकेंत आहे, कोणाची मुलगी ऑस्ट्रेलियांत. एके दिवशीं आम्ही सहज डोकावलों, तों बहीण वही उघडून बसली होती. पहिल्या पानावर ‘नथिंग’ असेल असें आम्हांस वाटलें होतें. पण तेथें मोठ्या अक्षरांत एकच वाक्य होतें: ‘समथिंग हर्ट्स हिअर.’ येथें कांहीं तरी दुखतें आहे. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, ‘दादा, ‘कांहीं नाहीं’ म्हणावयास आम्हां बायकांना कोणी शिकवावें लागत नाहीं. ‘कांहीं आहे’ असें म्हणावयास मात्र शिकवावें लागतें.’ यावर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें नाहीं.